तीन संत्री

किटलीचं झाकण खणकन वाजलं.

घरात असतं तर कुणी वळूनही बघितलं नसतं. पण आम्ही पाच जण एका कोरड्या नदीच्या वाळूत एकामागे एक उभे होतो, आणि समोर चाळीसेक पावलांवर हत्तिणींचा कळप पात्र ओलांडत होता. सगळ्यात पुढची हत्तीण थांबली. तिनं कान पसरले, सोंड वर करून वारा चाचपला. तिच्यामागच्या सगळ्या जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. पिल्लंसुद्धा.

रांगेत पुढं बंदूक घेतलेला वनखात्याचा म्वाले. त्याच्यामागे आमचा वाटाड्या लॅक्सन फिरी. मग मी, माझ्यामागे माझा नवरा निरंजन, आणि शेवटी सिमियन, पाठीवर चहाची पेटी आणि हातात ती काळी किटली. लॅक्सननं मागे न बघता हाताचा पंजा उघडला. हलायचं नाही.

मिनिटभर गेलं असेल. मला ते फार लांबलं, कारण सकाळपासूनची मळमळ नेमकी तेव्हाच गळ्याशी येऊन बसली होती. ओकारी आली असती तर तिचा आवाज झाकणापेक्षा मोठा झाला असता. मी दात आवळून म्वालेच्या टाचेकडे बघत राहिले. त्याच्या बुटाची शिवण उसवली होती. अजून डोळे मिटले तर ती शिवण दिसते.

हत्तीण पुढं निघाली. तिच्यामागे एकेक करून सगळ्या पलीकडच्या झाडीत गेल्या, आणि मग कुठं लॅक्सन वळला. त्यानं आवाज चढवला नाही, त्याचा आवाज कधी चढतच नसे.

“मदाला, हे तिसऱ्यांदा झालं.”

मदाला म्हणजे म्हातारबा. झांबियात वडीलधाऱ्याला सर्रास तशी हाक मारतात, लाडानंही आणि रागानंही.

“झाकणाला फडकं बांधलं होतं. सुटलं,” सिमियन म्हणाला.

“फडक्याचं काही नाही. तुझा हात थरथरतो.”

“हात थरथरतो. पण चालायचं तर पायांनी आहे ना?”

म्वाले खाली बघून हसला. लॅक्सन हसला नाही. “मोसम संपला की मालक मला विचारणार, सिमियन पुढच्या वर्षी चालेल का. मला खोटं बोलायला लावू नकोस, मदाला.”

सिमियननं किटली या हातातून त्या हातात घेतली. एकतीस वर्षं तो त्या खोऱ्यात चहाची पेटी घेऊन रांगेच्या शेवटी चालत होता. बायको वारली होती, मुलं गावोगाव पांगली होती. “घरी माझा रेडिओ आहे,” तो आदल्या दिवशी निरंजनला म्हणाला होता, “पण त्याच्याशी किती बोलणार? तो ऐकतच नाही.”

निरंजन तेव्हा लुसाकाजवळ एका कारखान्यात इंजिनियर होता. आम्हाला तिकडं जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत दोनदा माझ्या पोटात राहिलं आणि दोनदा गेलं. पहिल्या वेळी सहाव्या आठवड्यातच आम्ही सगळ्यांना सांगून मोकळे झालो. सासूबाईंनी नाशिकहून डिंकाचे लाडू पाठवले. ते पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. मग एकेकाला फोन करून सांगायचं, की ते जे सांगितलं होतं ना, ते आता नाही. माझी आई फोनवर एवढंच म्हणाली, “विभा, तिसरा महिना सरल्याशिवाय बोलायचं नसतं गं. मी सांगायला हवं होतं.” दुसऱ्या वेळी फक्त निरंजनला सांगितलं होतं. ते गेलं तेव्हा तो रात्रभर बाल्कनीत उभा होता, आणि सकाळी त्यानं माझ्यासाठी पोहे केले, त्यात मीठ घालायला विसरला, आणि आम्ही दोघांनी ते तसेच खाल्ले.

म्हणून तिसऱ्या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. निरंजनलाही नाही. हे पायी जंगल बघायचं त्यानंच ठरवलं होतं, चार महिने आधी, माझं मन दुसरीकडं लागावं म्हणून. पाच दिवस लुआंग्वा नदीच्या काठानं चालायचं, रोज नव्या ठिकाणी तंबू. रद्द कर म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी हिशेब केला. अडीच महिने झाले होते. अजून पंधरा दिवस तोंड मिटून काढायचे, मग सांगायचं.

निघायच्या सकाळी लॅक्सननं आम्हाला मुख्य तळावर समोर बसवून नियम सांगितले.

“गाडीत असलात की जनावर गाडीला बघतं. पायी असलात की तुम्हाला बघतं. तेव्हा रांग मोडायची नाही. मी सांगितल्याशिवाय पळायचं नाही. पळतं ते खायचं, हे इथल्या प्रत्येक पिल्लाला त्याच्या आईनं शिकवलेलं आहे. आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही. गुडघा दुखतो, छातीत धडधडतं, पोटुशी आहे, जे असेल ते आत्ता सांगा. मी त्याप्रमाणे वाट निवडतो. जनावराच्या किती जवळ जायचं, तेही त्यावर ठरवतो.”

“पोटुशी तर मी नाही,” निरंजन म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले.

“आणि संत्री, मोसंबी, लिंबू, काही असेल तर इथंच ठेवा. हत्तीला त्याचा वास कोसावरून येतो. मागं एका पाहुण्याच्या तंबूत सालीचा तुकडा राहिला होता. हत्तीनं तंबू हातरुमालासारखा उचलला.”

निरंजननं वाटेत रस्त्याकडेला फळं विकणाऱ्या बायकांकडून घेतलेली संत्र्यांची पिशवी मुकाट्यानं सिमियनच्या हातात दिली. सिमियन ती तळावरच्या स्वयंपाकघरात ठेवून आला. माझ्या सॅकमध्ये तळाशी स्टीलचा डबा होता. त्यात तीन संत्री होती. ती मी निरंजनच्याही नकळत आदल्या रात्रीच काढून ठेवली होती, कारण त्या दिवसांत सकाळी संत्र्याची फोड चोखल्याशिवाय माझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यातून वास कसा येईल, असं मी स्वतःला समजावलं. त्याच डब्यातून मी मुंबईहून लुसाकाला लसणाची चटणी आणली होती आणि विमानात कुणाला पत्ता लागला नव्हता.

हत्तिणी गेल्यावर तासाभरानं चहाचा थांबा झाला. एका पडलेल्या खोडावर आम्ही बसलो. सिमियननं तीन दगड मांडून जाळ केला.

“सिमियन, तुमचा चहा फार पातळ असतो,” निरंजन म्हणाला. “एकदा माझ्या हातचा पिऊन बघा.”

“मला माहीत आहे तुमचा चहा. चिपाटाला मी दोन वर्षं पटेलांच्या दुकानात होतो. त्यांच्याकडं चहा नसे. खीर असे.”

निरंजन हसता हसता खोडावरून घसरला. म्वालेला ते भाषांतर करून सांगावं लागलं, मग तोही हसला, आणि लॅक्सनसुद्धा, थोडासा.

सिमियननं सगळ्यांचे मग भरले. माझ्या मगात दूध घातलं नाही.

“आमायी, तुमचा काळा.”

तिकडं कुठल्याही बाईला आमायी म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आई. दोन वर्षं बाजारात, बसमध्ये, दवाखान्याच्या दारात मी तो शब्द ऐकत होते, आणि दर वेळी तो मला टोचत असे.

“दूध नको हे तुम्हाला कसं कळलं?”

“काल दुधाचा डबा उघडला तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत. मला सहा मुलं आहेत, आमायी.”

मी निरंजनकडं बघितलं. तो दुर्बीण लावून कुठलातरी पक्षी शोधत होता.

“ऊन लागलंय,” मी म्हटलं.

“असेल,” सिमियन म्हणाला आणि जाळावर वाळू लोटायला लागला.

दुपारचा मुक्काम चिंचेच्या झाडांखाली होता. तंबू आणि खाण्यापिण्याच्या पेट्या एक गाडी आधीच आणून ठेवून गेली होती. जेवणानंतर त्या उन्हात दोन तास कुणी हलत नाही. निरंजन एका चिंचेखाली कापडी खाटेवर घोरत होता. लॅक्सन आणि म्वाले साठ-सत्तर पावलांवर काठाला बसून उद्याची वाट ठरवत होते. सिमियन चुलीपाशी भांडी घासत होता.

मी तंबूत पडले होते. कापडाला उन्हाचा उग्र वास येत होता आणि त्या वासानं पोटात ढवळलं. बाहेर जाऊन ओकले असते तर निरंजन उठला असता. मी सॅकमधून डबा काढला आणि एक संत्रं सोललं. साल मुठीत धरून नाकाशी नेली. पहिली फोड तोंडात घातली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. आडवी पडून, पोटावर हात ठेवून मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, बघ, एवढंच तर मागत होतास, मिळालं ना.

मग भांडी घासायचा आवाज थांबला.

तंबूच्या जाळीच्या खिडकीतून समोर नदीचं पात्र दिसायचं. ते दिसेनासं झालं. जाळीवर काहीतरी करडं, भेगाळलेलं येऊन उभं राहिलं होतं. एवढं मोठं जनावर आलं आणि पाचोळ्याचं पान वाजलं नव्हतं. मला फक्त त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली, लांबवर कुणी जड पेटी फरशीवरून ओढावी तशी.

सोंडेचं टोक जाळीला लागलं. ते ओलं होतं. ते जाळीवरून खाली सरकलं, कापडावरून फिरलं, थेट माझ्या डोक्याशी येऊन थांबलं आणि जोरात आत श्वास ओढला. तंबूचं कापड त्या श्वासानं आत-बाहेर झालं.

माझ्या हातात अर्धं संत्रं होतं. ते टाकावं की धरून ठेवावं, मला कळेना.

“आमायी,” तंबूच्या मागच्या बाजूनं सिमियनचा आवाज आला. अगदी हळू, मुलाला झोपवताना बोलतात तसा. “नर आहे. एकटा आहे. हलू नका.”

“सिमियन.”

“बोलू नका. तुमच्याकडं काय आहे?”

मी उत्तर द्यायच्या आत सोंडेनं तंबूचा वरचा दोर धरला आणि ओढला. खुंट्या उपटल्या. दांडा माझ्या खांद्यावर पडला आणि कापड अंगावर आलं. मी दोन्ही हात पोटाभोवती घेतले आणि गुडघे छातीशी. कापडाखाली अंधार नव्हता, केशरी उजेड होता, आणि त्या उजेडात माझे हात संत्र्याच्या रसानं चिकट झालेले मला दिसत होते.

बाहेर निरंजन जागा झाला असणार. “विभा” एवढंच ऐकू आलं, अर्धवट. पुढं त्यानं मला सांगितलं, सिमियननं त्याच्याकडं पंजा उघडून दाखवला आणि तो खाटेपाशी उभाच राहिला. पायांत मुंग्या आल्या तरी हलला नाही. हत्ती त्याच्या आणि माझ्या मधे होता.

मागच्या बाजूनं कापडाची कड वर झाली. सिमियनचा हात आत आला. तो थरथरत होता.

“द्या, आमायी. सगळं द्या.”

मी डबा त्या हातात दिला. अर्धं संत्रं दिलं. हात गेला. कड पडली, पण पूर्ण नाही. एक फट राहिली, आणि त्यातून मला सगळं दिसलं.

सिमियन तंबूपासून सरकत सरकत, पाठ न दाखवता, पंधरा पावलं लांब गेला. त्यानं अर्धं संत्रं पात्राच्या दिशेनं फेकलं. हत्तीनं मान वळवली. त्याचा एक सुळा अर्धा मोडलेला होता. सिमियननं डबा उघडला, दुसरं संत्रं फेकलं. हत्ती माझ्यापासून वळला आणि तिकडं दोन पावलं गेला. तिसरं सिमियननं हातात घेतलं, हात मागं नेला, आणि ते त्याच्या बोटांतून निसटून त्याच्याच पायाशी पडलं.

तो पळाला नाही. एकेक पाऊल मागं घेत राहिला, तोंडानं काहीतरी पुटपुटत. हत्तीला संत्रं हवं होतं, माणूस नको होता, पण माणूस मधे होता. त्यानं सोंड आडवी फिरवली, आपण चेहऱ्यासमोरची माशी हाकलतो तितक्या सहज. सिमियन काठावरून खाली गेला.

तेव्हाच म्वालेनं आकाशात बार काढला. सगळी पाखरं एकदम उठली. हत्तीनं घाई केली नाही. त्यानं ते संत्रं उचललं, तोंडात टाकलं, आणि मग झाडीत निघून गेला.

निरंजननं मला कापडाखालून ओढून काढलं. “लागलं का? कुठं लागलं?” तो माझे हात, खांदे, चेहरा चाचपत होता. मला लागलं नव्हतं. मी पोटात दुखतंय का ते ऐकत होते. काही दुखत नव्हतं.

लॅक्सन आणि म्वालेनं सिमियनला वर आणलं आणि चिंचेच्या बुंध्याला टेकवून बसवलं. त्याचा डावा खांदा वेडावाकडा झाला होता. चेहरा राखेसारखा. लॅक्सननं आधी त्याच्या हाताला झोळी बांधली, वायरलेसवर गाडी मागवली. मग तो पडलेल्या तंबूपाशी गेला, कापड उचललं, आणि सालीचे तुकडे घेऊन परत आला. त्यानं ते तळहातावर धरून आमच्यासमोर केले.

“हे कुठून आलं?”

“आमच्याकडचं नाही,” निरंजन म्हणाला. “आमची पिशवी मी स्वतः दिली होती. सिमियनच्या हातात दिली. विचारा त्यांना.”

तो खरंच बोलत होता. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं खरं.

माझं तोंड उघडलं. काय सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण संत्री माझी म्हटलं की निरंजन विचारणार होता, का. आणि त्याच्या पुढची गोष्ट सांगितली की त्याचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा काही झालं तर कसा होईल तेही. मला कळलं नाही, पण माझा हात पोटावर गेला होता.

सिमियननं तो हात बघितला.

“माझ्याकडची होती,” तो म्हणाला. “पिशवीतली तीन मी पेटीत ठेवली होती. वाटेत खायला. आमायींना मळमळत होतं, म्हणून मी दिली.”

लॅक्सननं सालीवर मूठ मिटली. “तू? एकतीस वर्षं या वाटेवर चालतोस आणि तू तंबूत संत्रं दिलंस?”

“म्हातारा झालो. विसरलो.”

“तुला मळमळत होतं?” निरंजननं मला मराठीत विचारलं. “मला का नाही सांगितलंस?”

“ऊन लागलं होतं रे.”

लॅक्सन माझ्याकडं वळला. तो तसाच मऊ बोलला. “मॅडम, तो म्हणतो ते खरं आहे?”

झाडावर पाखरं परत येऊन बसायला लागली होती. सिमियननं डोळे मिटले होते. वेदनेनं असतील, किंवा मला एकटीला सोडायचं म्हणून असतील.

मी मान हलवली. हो.

लॅक्सननं साल चुलीत टाकली. मग सिमियनची चहाची पेटी उचलून त्यानं म्वालेकडं दिली.

गाडी यायला दोन तास लागले. निरंजन आणि लॅक्सन तंबू गुंडाळत होते. मुक्काम तिथंच संपला होता, आम्हीही त्याच गाडीनं परतणार होतो. मी सिमियनजवळ पाणी घेऊन गेले आणि खाली बसले.

“मी सांगते लॅक्सनला. आत्ता सांगते.”

“किती झाले?” त्यानं विचारलं.

“अडीच महिने. आधी दोनदा गेलंय.”

त्यानं पाणी घेतलं. त्याचा हात थरथरत होता म्हणून मी पेला धरला.

“आमच्याकडंही पोट दिसेपर्यंत बोलत नाहीत,” तो म्हणाला. “माझी बायको तर मलाही सांगत नसे. मला दुधाच्या डब्यावरून ओळखावं लागे.” हसायला गेला आणि खांद्यातून कळ आली. “आता काही बोलू नका. नवऱ्याला घाबरवू नका. नंतर सांगा.”

“पण तुमचं चालणं...”

“नंतर सांगा, आमायी,” तो पुन्हा म्हणाला. “मी कुठं जातोय? घरीच आहे.”

तिसरा महिना सरला. मी निरंजनला सांगितलं. तो पुन्हा बाल्कनीत जाऊन उभा राहिला, पण या वेळी थोड्या वेळानं आत आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. सावनी झाली ती लुसाकालाच. ती चार महिन्यांची असताना आम्ही नाशिकला परतलो.

पुढच्या वर्षी निरंजनच्या एका मित्राला तिकडं जायचं होतं म्हणून त्यानं लॅक्सनला पत्र टाकलं, आणि सिमियनची चौकशी केली. लॅक्सननं लिहिलं होतं, खांदा नीट बसला नाही, सिमियन आता येत नाही. निरंजन म्हणाला, “बिचारा. पण चूक त्याचीच होती.” मी तेव्हा सावनीला भरवत होते. मी चमचा पुढं केला आणि तिनं तोंड उघडलं.

लॅक्सनचा पत्ता माझ्याकडंही होता. मी तीनदा लिहायला बसले. एकदा तर पूर्ण लिहून झालं होतं, तेवढ्यात पाळण्यातून रडणं ऐकू आलं, मी उठले, आणि परत बसलेच नाही.

आमच्या घरात ही गोष्ट निरंजन सांगतो. पाहुणे जेवून बसले की कुणीतरी काढतंच, ते हत्तीचं सांग ना. तो हाताची सोंड करतो, तंबू कसा उचलला ते टेबलावरची चादर ओढून दाखवतो. सावनीला सगळं पाठ आहे. मागच्या रविवारी तर तिनंच शेवट केला. “आणि तो वेंधळा आजोबा ना, संत्री द्यायला नको होती तरी दिली,” ती म्हणाली, आणि सगळे हसले. ती माझ्याकडं बघत होती, मी हसतेय का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसाठी तिची वेणी घालत होते. निरंजन आंघोळीला गेला होता.

“सावनी, ते आजोबा वेंधळे नव्हते,” मी म्हटलं. “ती संत्री माझी होती.”

ती वळायला गेली. केस माझ्या हातात होते म्हणून तिला वळता आलं नाही. मी मागूनच सगळं सांगितलं, लॅक्सननं विचारलं आणि मी हो म्हणून मान हलवली तिथपर्यंत. तिच्या मानेकडं बघून सांगणं सोपं होतं.

“बाबाला माहीत नाही?”

“नाही.”

“का लपवलंस?”

“तू होतीस ना पोटात. एवढीशी होतीस. तुझ्याबद्दल कुणाला सांगायची मला भीती वाटत होती.”

आतून बादलीत पाणी पडायचा आवाज येत होता.

“मग नंतर सांगितलंस?”

“नाही.”

मी रबर लावलं. दुसऱ्या बाजूचे केस विंचरायला घेतले. ती मांडीवरच्या रिबिनीची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. मग तिनं विचारलं,

“आई, मी पोटात नसते, तर तू खरं सांगितलं असतंस?”